नागपूरचे बिशप आणि गोंडवनाचा इतिहास

रायपूर, मंडला किंवा चांदा या भागाचा जुना इतिहास वाचू लागलेल्या वाचकाला लवकरच एक प्रश्न पडतो. गोंड राजांची कहाणी सामान्य वाचकासाठी सलगपणे सांगणारे एक आरंभीचे इंग्रजी पुस्तक एका ख्रिस्ती बिशपच्या नावावर कसे? हे पुस्तक म्हणजे १९१६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेले 'द स्टोरी ऑफ गोंडवाना', आणि त्याचे लेखक नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप आयर चॅटर्टन. धर्मोपदेशासाठी आलेल्या माणसाने राजवंशांच्या याद्या, शिलालेख आणि किल्ले यांत का शिरावे, हे समजून घ्यायचे तर आधी त्यांचे पद, मग त्यांचे शिक्षण आणि शेवटी त्यांचा प्रदेश, या क्रमाने जावे लागते. कारण चॅटर्टन यांची विद्वत्ता त्यांच्या फिरतीच्या नोकरीतून वाढली आणि तिच्या मर्यादाही त्याच नोकरीने आखून दिल्या.

१. बिशप म्हणजे नेमके कोण?

'अँग्लिकन' म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील ख्रिस्ती पंथ. सोळाव्या शतकात हे चर्च रोमच्या पोपपासून वेगळे झाले, तरी बिशप, पुरोहित आणि डीकन ही जुनी त्रिस्तरीय रचना त्याने सोडली नाही. डीकन हा सेवाकार्याची प्राथमिक दीक्षा घेतलेला, पुरोहित हा उपासना चालवणारा आणि बिशप हा त्या दोघांनाही दीक्षा देण्याचा अधिकार असलेला धर्माध्यक्ष असतो. त्याच्या अखत्यारीतील मुलुखाला धर्मप्रांत म्हणतात आणि ज्या चर्चमध्ये त्याचे अधिकृत आसन असते त्याला कॅथीड्रल म्हणतात. जिल्हा, तहसील आणि गाव अशी महसुली उतरंड ज्याच्या परिचयाची आहे, त्याने धर्मप्रांत म्हणजे जिल्हा आणि बिशप म्हणजे त्याचा प्रमुख अशी कल्पना केली तरी चालेल. फरक एवढाच की हा 'जिल्हा' एखाद्या युरोपीय देशाएवढा असू शकत असे.

भारतातील पहिला अँग्लिकन धर्मप्रांत कलकत्त्याचा, तो १८१४ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर १८३५ मध्ये मद्रास आणि १८३७ मध्ये मुंबई हे धर्मप्रांत झाले. मध्य प्रांत मात्र दीर्घकाळ कलकत्त्याच्या बिशपकडे राहिला, आणि त्याची खूण नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यात आजही आहे: बिशप कॉटन स्कूल ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉर्ज कॉटन हे कलकत्त्याचे बिशप होते. केंब्रिजमध्ये शिकलेले आणि इंग्लंडमधील मार्लबरो शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले कॉटन १८६६ मध्ये पूर्व बंगालमधील कुश्तिया येथे नदीत बुडून मरण पावले. कलकत्त्यात बसणाऱ्या माणसाने नागपूर, रायपूर आणि सागर सांभाळणे किती अवघड होते हे नकाशा पाहताच कळते. अखेर १९०३ मध्ये नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाले आणि सदर भागातील ऑल सेंट्स चर्च त्यांचे कॅथीड्रल झाले. या नव्या धर्मप्रांतात मध्य प्रांत आणि वऱ्हाडाबरोबर मध्य भारतातील संस्थाने आणि राजपुतानाही घातला गेला, म्हणजे एका बाजूला रायपूर-बिलासपूर तर दुसऱ्या बाजूला अजमेर.

येथे एक घोटाळा आधीच टाळलेला बरा. 'नागपूर' आणि 'छोटा नागपूर' हे दोन वेगळे धर्मप्रांत होते. दुसऱ्याचे ठाणे रांचीला होते आणि तो १८९० मध्ये स्थापन झाला. चॅटर्टन यांनी दोन्ही ठिकाणी काम केले, त्यामुळे संदर्भग्रंथांत त्यांची गल्लत सहज होते.

२. डब्लिनहून हजारीबागला

आयर चॅटर्टन यांचा जन्म १८६३ मध्ये आयर्लंडमध्ये झाला आणि त्यांचे उच्च शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. १५९२ मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज डब्लिन विद्यापीठाचे एकमेव कॉलेज आहे, म्हणून 'ट्रिनिटी' आणि 'डब्लिन विद्यापीठ' ही दोन्ही नावे व्यवहारात एकाच संस्थेसाठी वापरली जातात. तेथील 'डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी', म्हणजे ईश्वरविद्येतील सर्वोच्च पदवी, पुढे त्यांच्या नावामागे लागली.

त्यांच्या घडणीतील एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते, पण ती महत्त्वाची आहे. ते लहान असतानाच, १८६९ च्या कायद्यानुसार १८७१ पासून, आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चचे सरकारी चर्च हे स्थान संपुष्टात आले. सरकारी चर्च म्हणजे ज्याला राज्याची अधिकृत मान्यता आणि कायद्याचा आधार असतो असे चर्च. तो आधार गेला की चर्चला स्वतःच्या सभा, स्वतःचा निधी आणि स्वतःचे नियम उभे करावे लागतात, आणि आयर्लंडच्या चर्चने ते करून दाखवले. असे चर्च पाहत वाढलेला हा माणूस पुढे भारतात आला, तेव्हा त्याला पुन्हा सरकारी खजिन्यातून पगार घेणाऱ्या पाद्र्यांवर देखरेख करावी लागली.

१८९१ मध्ये डब्लिन विद्यापीठातील पदवीधरांनी छोटा नागपूरसाठी एक मिशन स्थापन केले आणि त्याचे प्रमुखपद चॅटर्टन यांच्याकडे आले. विद्यापीठ मिशन ही त्या काळातील एक खास रचना होती: एकाच विद्यापीठातील तरुण एकत्र राहायचे, सामायिक शिस्तीने जगायचे आणि उपदेशाच्या जोडीला शाळा, दवाखाना व कॉलेज चालवायचे. हजारीबागच्या या गटात केनेथ केनेडी हे डॉक्टर होते, जे पुढे १९२६ मध्ये छोटा नागपूरचे बिशप झाले. मिशनने १८९९ मध्ये हजारीबागला सुरू केलेले सेंट कोलंबा कॉलेज आजही चालू आहे. चॅटर्टन यांचे पहिले मोठे पुस्तक याच वास्तव्याचे फळ होय. १८४५ मध्ये जर्मन मिशनरी रांचीला आल्यापासूनच्या पन्नास वर्षांचा वृत्तांत त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि एखाद्या प्रदेशात राहून त्याचा सुसंगत वृत्तांत लिहायचा ही सवय त्यांना तेथेच लागली.

३. रेल्वेच्या वाटेवरचा मुलूख

बिशपच्या कामाचा मोठा भाग प्रवासात जातो, याचे कारण एका विधीत आहे. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने कळत्या वयात आपल्या श्रद्धेची जाहीर कबुली द्यायची आणि बिशपने तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करायची, या विधीला दृढीकरण म्हणतात. अँग्लिकन पंथात हा अधिकार बिशपचाच असल्यामुळे पाच माणसांसाठीही त्यालाच जावे लागते. नव्या चर्चचे किंवा दफनभूमीचे पवित्रीकरणही त्याच्याच हातून होते.

नागपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर. भंडारा, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग असा हा रेल्वेमार्ग बंगाल नागपूर रेल्वेने १८९१ मध्ये थेट आसनसोलपर्यंत नेला आणि छत्तीसगड मुंबई-कलकत्ता मार्गावर आले. १९०० मध्ये रायपूरहून धमतरीला अरुंद मापाची गाडी सुरू झाली, पण त्यापलीकडे बस्तरपर्यंतचा प्रवास रस्त्यानेच करावा लागे. ज्या बिशपना १९०३ मध्ये हा मुलूख मिळाला त्यांना तो रुळांच्या आधाराने फिरता आला, आणि त्यांचे बरेचसे अनुयायीही रुळांच्या आसपासच होते: रेल्वेचे अँग्लो-इंडियन कर्मचारी, मुलकी अधिकारी, छावण्यांतील सैनिक आणि त्यांची कुटुंबे.

छत्तीसगडमधील स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र बहुतांशी अँग्लिकन नव्हता. ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी १८६८ मध्ये विश्रामपूरला स्थिरावले आणि त्यांचे काम सतनामी समाजाजवळ सुरू झाले. धमतरी आणि चांपा येथे अमेरिकन मेनोनाइट मिशनरी आले. प्रॉटेस्टंट मिशनांमध्ये एकमेकांच्या क्षेत्रात न जाण्याचा सामंजस्याचा संकेत होता, त्यामुळे छत्तीसगडच्या खेड्यांत नागपूरच्या बिशपचा संबंध मर्यादित राहिला. अँग्लिकन मिशनचे गोंडांमधील काम नर्मदेच्या खोऱ्यात, मंडल्याजवळ होते. तेथील मिशनरी एच. डी. विल्यमसन यांचे गोंडी व्याकरण आणि शब्दसंग्रह १८९० मध्ये छापून निघाले होते. चांदा येथे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते आणि तेही नागपूरच्या बिशपच्या देखरेखीखाली आले. म्हणजे दौऱ्याचा मार्ग आणि गोंड राजधान्यांचा नकाशा हे जागोजागी एकमेकांवर पडत होते. गोंडवनाच्या इतिहासाकडे वळायला यापेक्षा वेगळे निमित्त शोधण्याची गरज नाही.

४. चार राज्यांची चौकट

गोंडवन हे कोणत्याही एका राजाच्या राज्याचे नाव नव्हते. सातपुडा, मैकल आणि वैनगंगा-वर्धेच्या खोऱ्यांतील जो वनमय प्रदेश मुसलमान इतिहासकारांनी या नावाने ओळखला, त्यात परंपरेनुसार चार राज्ये मानली जातात: गढा-मंडला, देवगड, चांदा आणि खेडला. चॅटर्टन यांच्या पुस्तकाची चौकट हीच आहे. यांपैकी बैतूलजवळच्या खेडल्याचे आरंभीचे राजे खरोखर गोंड होते का, याबद्दल अभ्यासकांत शंका आहे.

नागपूरकर वाचकाला सर्वांत जवळचे राज्य देवगडचे. औरंगजेबाच्या काळातील बख्त बुलंद या राजाने इस्लाम स्वीकारला आणि विखुरलेली खेडी एकत्र करून नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट बांधला. त्याच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा पेटला, राणी रतनकुंवर हिने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले, आणि मदतीला आलेले भोसले राज्यकर्ते झाले. गोंड राजाला त्यांनी नागपुरातच नेमणूक देऊन ठेवले. महाल भागातील गोंड राजांचा किल्ला ही त्याचीच साक्ष. बिशप ज्या शहरात राहत होते ते शहरच एका गोंड राजाचे होते, ही बाब त्यांच्या विषयनिवडीत निश्चितच मोलाची ठरली असेल. चांद्याचा तट, तेथील राजसमाध्या आणि राणी हिराईने पती बीरशहासाठी उभारलेली समाधी आजही पाहता येते.

ही सामग्री चॅटर्टन यांच्या आधीही होती, पण ती विखुरलेली होती. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन यांचा गढा-मंडल्याच्या राजांवरील लेख १८३७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. चार्ल्स ग्रँट यांचे मध्य प्रांताचे गॅझेटियर १८७० चे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून वारले, त्यानंतर त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापली. त्यांत गोंडांच्या उत्पत्तीची आणि लिंगो या देवपुरुषाची दीर्घ गाथा होती, जी प्रधान गायकांच्या तोंडून टिपली गेली होती. प्रधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. 'बाना' हे तंतुवाद्य वाजवत यजमानाच्या कुळाची आणि देवांची कथा गाणे हा त्यांचा मान आणि त्यांची उपजीविका. अशा लेखांचे आणि गॅझेटियरच्या रकान्यांचे एका वाचनीय पुस्तकात रूपांतर करणे हे चॅटर्टन यांचे खरे काम, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. नवा शिलालेख शोधणे आणि जुने शोध लोकांपर्यंत नेणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

त्याच १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. रसेल यांना तो छापलेला पाहता आला नाही. डिसेंबर १९१५ मध्ये भूमध्य समुद्रात 'पर्शिया' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले तेव्हा ते त्यावर होते. आज अभ्यासक हिरालालांकडे अधिक वेळा वळतात ते योग्यच आहे, कारण शिलालेख वाचण्याची जी तयारी त्यांच्यापाशी होती ती बिशपपाशी नव्हती.

५. अठ्ठेचाळिसावा राजा कोणत्या शतकातला?

ही तयारी म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मंडल्याजवळ नर्मदेकाठी रामनगर येथे राजा हृदयशहाने १६६७ मध्ये एक संस्कृत शिलालेख कोरवला. त्यात यादवराय या मूळ पुरुषापासून वंशाची यादी आहे आणि त्या यादीत संग्रामशहा हा अठ्ठेचाळिसावा राजा आहे. संग्रामशहा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्याचा मुलगा दलपतशहा आणि दलपतशहाची राणी म्हणजे १५६४ मध्ये अकबराच्या सरदाराशी लढताना मृत्यू पत्करणारी दुर्गावती. दुर्गावतीची हकीकत अबुल फझलच्या अकबरनाम्यातही आहे, म्हणून येथपासून इतिहासाला दुसरा, स्वतंत्र आधार मिळतो. त्याआधीच्या सत्तेचाळीस राजांचे काय?

प्रत्येक कारकीर्द सरासरी २५ वर्षांची धरली तर ४७ राजांची ११७५ वर्षे होतात. संग्रामशहाचा काळ १५१० च्या सुमाराचा मानून तेवढी वर्षे मागे गेल्यास यादवराय इसवी सन ३३५ च्या आसपास येतो. स्लीमन यांनी दिलेले वर्ष ३५८ आहे, म्हणजे हिशेब जवळपास तोच. आता सरासरी तपासून पाहावी. नागपूरच्या भोसल्यांत पहिले रघूजी १७५५ मध्ये वारले आणि तिसरे रघूजी १८५३ मध्ये. मधल्या ९८ वर्षांत जानोजी, दुसरे रघूजी, परसोजी, अप्पासाहेब आणि तिसरे रघूजी असे पाच राजे झाले (साबाजी-मुधोजींच्या भांडणाचा काळ दुसऱ्या रघूजींच्या नावावर धरला आहे). सरासरी वीस वर्षांपेक्षाही कमी. वीसचा आकडा घेतला तर ९४० वर्षे होतात आणि यादवराय ३३५ वरून थेट ५७० वर येतो. केवळ पाच वर्षांचा फरक, आणि वंशाचा आरंभ दोन शतकांहून अधिक पुढे सरकतो. शिवाय या यादीत एकाच वेळी राज्य करणारे भाऊ एकापाठोपाठ लिहिले गेले असतील किंवा वंश पुरातन दिसावा म्हणून नावे घातली गेली असतील, तर सगळा हिशेबच कोसळतो. पुढच्या अभ्यासकांनी या वंशाचा आरंभ पुष्कळच अलीकडे आणला तो याच विचाराने.

राजवंशांची यादी ही काळाची मोजपट्टी नसते, ती प्रतिष्ठेचे साधन असते, आणि गोंडवनावरचे कोणतेही जुने पुस्तक वाचताना हे भान ठेवावे लागते. छत्तीसगडच्या वाचकाला आणखी एक भान हवे. चार राज्यांच्या चौकटीत रायपूर-बिलासपूरचा मैदानी मुलूख बसत नाही, कारण तेथे रतनपूर आणि रायपूरचे हैहयवंशी राजे होते, ज्यांच्यानंतर १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहू लागले. तरीही कवर्धा, सारंगढ, रायगढ आणि सक्ती या संस्थानांत राजगोंड घराणी चॅटर्टन यांच्या काळातही गादीवर होती, आणि १८९४ मध्ये जबलपूरहून रायपूरला आलेले राजकुमार कॉलेज छत्तीसगडच्या संस्थानिकांच्या मुलांसाठीच होते. गोंड राजसत्ता ही संपलेली गोष्ट म्हणून सांगितली जात होती तेव्हा ती छत्तीसगडमध्ये जिवंत होती.

६. सरकारी चर्चचा शेवट

पहिल्या महायुद्धात चॅटर्टन मेसोपोटेमियातील सैन्याच्या भेटीला गेले आणि त्यावरही त्यांनी लहान पुस्तक लिहिले. त्यांचा अधिक टिकाऊ ग्रंथ मात्र १९२४ चा, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून भारतातील इंग्लंडच्या चर्चचा इतिहास. एकेका धर्मप्रांताचा वृत्तांत देणारा हा ग्रंथ संदर्भासाठी अजूनही उघडला जातो. १९१२ मध्ये दोर्नकलला व्ही. एस. अझरय्या हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले होते, आणि चर्चची सूत्रे भारतीयांकडे जाणार हे दिसू लागले होते.

चॅटर्टन १९२६ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी इंडियन चर्च ॲक्ट संमत झाला. १९३० पासून भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले. आयर्लंडमध्ये बालपणी जे घडले तेच त्यांच्या निवृत्तीनंतर भारतात घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये उत्तर भारतातील सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि आज त्याच चर्चच्या छत्तीसगड धर्मप्रांताचे ठाणे रायपूरला आहे. चॅटर्टन यांचे निधन १९५० मध्ये झाले.

७. वूड, एल्विन आणि हिवाळे

चॅटर्टन यांच्यानंतर ॲलेक्स वूड नागपूरचे बिशप झाले. ते चांदा मिशनमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले स्कॉटिश मिशनरी आणि शिकारी होते. त्यांचे चरित्र चॅटर्टन यांनीच १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. वूड यांच्या कारकिर्दीत ऑक्सफर्डचा एक तरुण अँग्लिकन पुरोहित, व्हेरियर एल्विन, १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड गावात राहायला आला. गांधीजींच्या आणि काँग्रेसच्या जवळ असलेल्या या पुरोहिताकडून राजनिष्ठेची शपथ अपेक्षित होती. ती घ्यायला त्याने नकार दिला आणि बिशपनी धर्मकार्याचा परवाना नाकारला. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्च सोडले. ते स्वतः एका अँग्लिकन बिशपचे पुत्र होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे वजन कळते.

एल्विन यांचा 'द बैगा' हा ग्रंथही १९३९ चाच. त्यापुढे १९४६ मध्ये छत्तीसगडची लोकगीते आणि १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांचे घोटुल हे त्यांचे ग्रंथ आले. राजांच्या याद्यांऐवजी गावातील माणसाच्या तोंडची गाणी आणि त्याचा दिनक्रम हा येथे अभ्यासाचा विषय झाला. या कामात त्यांच्या बरोबरीने राबलेले शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती गृहस्थ होते, आणि त्यांचे नाव मराठी वाचकांत जितके माहीत असायला हवे तितके नाही. हिस्लॉप यांच्या टिपणांत लिंगोची गाथा गाणारे प्रधान केवळ सांगणारे म्हणून येतात. त्यांचे कुळ, दानाचे हक्क, यजमान गोंडांशी असलेले नाते आणि बाना वाजवण्याची परंपरा यांचा स्वतंत्र ग्रंथ हिवाळे यांनी लिहिला, तो वरच्या नर्मदा खोऱ्यातील प्रधानांवर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला.